आजोळचा पाळणा: लाखेच्या रंगीत लाकूडकामाची गोष्ट

१/
कोकणातील जुन्या घरांच्या माजघरात तुळईला ठोकलेल्या लोखंडी कड्या आजही दिसतात. त्यांना टांगलेला पाळणा केव्हाच उतरवून माळ्यावर ठेवलेला असतो; पण कड्या मात्र कुणी काढत नाही. घरात पुन्हा तान्हे मूल येईल, ही अपेक्षा त्या कड्यांत राहिलेली असते. माळ्यावरच्या त्या पाळण्याचे कातीव गज, त्यांवरील लाल-पिवळे पट्टे आणि त्यांची चकाकी दोन-तीन पिढ्यांनंतरही पुष्कळशी शाबूत असते. हा रंग कशाचा? तो लावणारे हात कुणाचे? आणि ते कौशल्य पुढे कुठे गेले? नातवंडांसाठी घडवलेल्या रंगीत लाकूडसामानाच्या इतिहासाचा हा धागा.

२/
प्रथम त्यामागील रूढी. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, असा संकेत होता आणि अनेक घरांत तो अजूनही आहे. म्हणजे मूल पहिला श्वास घेते ते आजोळी. साहजिकच त्याच्यासाठी लाकूड निवडणे, सुताराला सांगणे, रंग ठरवणे ही कामे आईच्या वडिलांकडे येत. बाराव्या दिवशीच्या बारशाला मूल ज्या पाळण्यात घालायचे, तो पुष्कळदा आजोबांनी करवून घेतलेला असे. आजोबा स्वतः सुतार, कातारी किंवा चितारी असले, तर तो त्यांच्याच हातचा असे.

३/
पाळणा ही या सामानातील पहिली वस्तू, शेवटची नव्हे. पाळण्यावर टांगायचे पोपट-चिमण्यांचे चिमणाळे, उष्टावणाच्या दिवशी मुलाला मांडीवर घेऊन बसण्याचा रंगीत काठाचा पाट, पाऊल टाकू लागल्यावर ढकलायचा पांगुळगाडा, मग लाकडी घोडा, भातुकली, लहानसा चौरंग. मुलाच्या पहिल्या चार-पाच वर्षांचे टप्पे या वस्तूंवरून सांगता येतात. या सर्वांत एक गोष्ट समान होती: त्या वापरून झिजतील, चोखल्या जातील, आपटतील, आणि तरीही धाकट्या भावंडांना पुरतील, हे गृहीत धरूनच त्या घडवल्या जात.

४/
अशा वस्तूंची नोंद इतिहासात क्वचित सापडते. तलवारीवर नाव कोरले जाई, तोफेवर सन घातला जाई. पाळण्यावर कुणी कारागिराचे नाव लिहीत नसे. त्यामुळे या कामाचे एक जुने आणि अत्यंत स्पष्ट वर्णन एका परक्या माणसाच्या पुस्तकात मिळते, याचे नवल नाही. यान हायखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला. तेथील पोर्तुगीज आर्चबिशपचा तो सचिव होता. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने ‘इतिनेरारिओ’ हा प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगिजांनी गुप्त ठेवलेले सागरी मार्ग उघड करणारा ग्रंथ म्हणून तो युरोपच्या इतिहासात गाजला.

५/
मात्र त्याच ग्रंथात लाखेविषयीही मजकूर आहे. पलंग, खुर्च्या, तिवया असे घरचे कातीव लाकूडसामान हिंदुस्थानात लाखेने रंगवले जाते आणि ही रीत सर्वत्र आहे, असे लिन्स्खोटेन नोंदवतो. पुढे तो कृतीही सांगतो. लाकूड फिरत असतानाच त्यावर हव्या त्या रंगाच्या लाखेचा तुकडा दाबून धरतात. फिरण्याच्या उष्णतेने लाख वितळते, खाचाखोचांत शिरते आणि नखाएवढ्या जाडीने लाकडाला चिकटते. मग वाळलेल्या गवताने घासून तिला झिलई देतात. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आजच्या लाखकाम करणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसून हाच परिच्छेद वाचला, तर त्यात फारसे बदलावे लागणार नाही.

६/
ही लाख म्हणजे नेमके काय? पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो. तो झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतो. हजारो कीटकांची कवचे एकमेकांत मिसळून फांदीवर खरबरीत थर बसतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून, कापडातून गाळून पातळ पत्रे काढले की ‘चपडा’ तयार होतो. धुताना निघणाऱ्या लाल रसापासून पायाला लावायचा अळता होई. महाभारतातील लाक्षागृह याच पदार्थाचे. तो किती चटकन पेट घेतो, हे त्या काळीही माहीत होते. १९२४ मध्ये रांची येथे केवळ लाखेच्या अभ्यासासाठी एक संशोधन संस्था स्थापन झाली, यावरून या पदार्थाचे आर्थिक महत्त्व ध्यानात यावे.

७/
कारागिराच्या दृष्टीने लाखेचे गुण तीन. एक, ती थोड्याशा उष्णतेने मऊ होते आणि गार होताच कडक होते. त्यामुळे भट्टी न पेटवता, केवळ घर्षणावर काम भागते. दोन, तिच्यात रंगाची पूड मळता येते. म्हणजे रंग लाकडावर नुसता बसत नाही, तो राळेत कोंडला जातो. तीन, ती दुरुस्त करता येते. पाळण्याच्या गजाचा टवका उडाला, तर त्या जागी पुन्हा लाख घासून गज पूर्ववत करता येतो. पिढ्यान्‌पिढ्या वापरायच्या वस्तूसाठी हा तिसरा गुण सर्वांत मोलाचा होता.

८/
या कामाचे मुख्य यंत्र म्हणजे लाकूड कातण्याचे चाक, ज्याला आज सर्रास लेथ म्हणतात. वीज येण्यापूर्वी ते दोरीवर चाले. दोन टोकांत अडकवलेल्या लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा आणि दोरी आलटून पालटून ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पटाशी लावायची ती लाकूड आपल्या दिशेने येत असतानाच. ते उलटे फिरू लागले की हत्यार किंचित मागे घ्यायचे. हा ताल चुकला तर गज वाकडा होई. पाळण्याला असे गज पुष्कळ लागत, आणि ते सगळे एकसारखे दिसणे आवश्यक असे.

९/
येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. दोरीच्या चाकाला पुष्कळदा दोन माणसे लागत: एक हत्यार धरणारा, दुसरा दोरी ओढणारा. हत्यार अनुभवी हातात असे. दोरी घरातील मुलाच्या हाती येई. म्हणजे आजोबा कातत असतील, तर समोर दोरी धरून बसलेला नातू असू शके. कोणत्या क्षणी दाब द्यायचा, कोणत्या क्षणी सोडायचा, लाख पुरेशी तापल्याचे तिच्या वासावरून कसे ओळखायचे, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नसे. वर्षानुवर्षे समोर बसून ते त्याच्यात मुरे. ही कला ग्रंथांत लिहिली गेली नाही, याचे एक कारण हेच असावे.

१०/
गोल गज कातून झाले तरी पाळण्याच्या सपाट फळ्या, पाट, चौरंग यांचे काम उरतेच. सपाट फळी चाकावर फिरवता येत नाही. तेथे चितारी लागे. तो चिंचोक्यांच्या खळीत खडूची पूड मिसळून लाकडाचे छिद्र न् छिद्र बुजवी, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करी, बारीक केसांच्या कुंचल्याने वेलबुट्टी, पक्षी, देवतांची चित्रे काढी आणि शेवटी लाखेचा पारदर्शक हात देई. म्हणजे एका पाळण्यात सुतार, कातारी आणि चितारी अशी तीन कौशल्ये एकत्र येत. कधी ती तीन घरांत विभागलेली असत, कधी एकाच माणसात.

११/
दक्षिण कोकण आणि गोवा हे या चितारी कामाचे प्रसिद्ध क्षेत्र. गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी घराणी लाखेच्या रंगीत लाकूडकामासाठी ओळखली जातात. महाराष्ट्रात हा मान सावंतवाडीचा. सावंत-भोसल्यांच्या या संस्थानाच्या राजधानीत चितारी इतके स्थिरावले की त्यांच्या वस्तीला ‘चितार आळी’ असेच नाव पडले. आजही सावंतवाडीत उतरलेला प्रवासी मोती तलाव पाहून झाला की लाकडी खेळण्यांसाठी चितार आळीचा रस्ता विचारतो.

१२/
सावंतवाडीच्या कामाला आसपासच्या झाडांची साथ होती. खेळण्यांसाठी व लाकडी फळांसाठी पांगारा. तो हलका आणि मऊ असल्याने झटपट कोरता येतो. वजन पेलणाऱ्या वस्तूंसाठी आंबा, फणस, साग अशी टणक लाकडे. लाकूड किती वाळले आहे, यावर सगळे अवलंबून असे. कोकणातील पावसाळ्याची दमट हवा ओल्या लाकडाला क्षमा करत नाही. ते नंतर सुकून आकसते, वरचा लेप तडकतो. म्हणून नातवंडासाठी करायच्या वस्तूचे लाकूड मूल जन्मण्याच्या बऱ्याच आधीपासून सावलीत रचून ठेवणे, हा शहाणपणाचा भाग होता.

१३/
सावंतवाडीच्या चिताऱ्यांची सर्वांत नाजूक निर्मिती म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने, असे १२० पत्ते असतात. वरवर पाहता पत्ते आणि पाळणा यांचा संबंध नाही. पण कामाची रीत तीच: चिंचोक्यांची खळ, खडूचा लेप, रंग, वरून लाख. सराव झालेला हात पत्त्यावरील अंगठ्याएवढा मत्स्यावतार पाटाच्या मध्यभागी वर्तुळात मोठा करून काढू शके. पत्ते दरबाराचे आणि प्रौढांचे, पाट आणि पाळणे घरातील मुलांचे. दोन्ही एकाच आळीतून येत.

१४/
आता रंगांकडे. जुन्या वस्तूंविषयी बोलताना ‘नैसर्गिक रंग’ हा शब्द फार सहज वापरला जातो आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे गृहीत धरले जाते. इतिहास असे सांगत नाही. पारंपरिक रंगपेटीतील तेजस्वी लाल म्हणजे हिंगूळ. त्यात पारा असतो. पिवळा म्हणजे हरताळ. त्यात आर्सेनिक असते. शेंदूर आणि जुना सफेदा ही शिशाची संयुगे. हिरवा हवा असेल तर हरताळात नीळ मिसळत. काजळी, गेरू आणि नीळ तुलनेने सौम्य. पण सर्वांत आकर्षक रंग हेच सर्वांत घातक होते.

१५/
आणि हे रंग लागत कुठे? दात येऊ लागलेले मूल ज्या गजाला धरून उभे राहते आणि जो गज सहज तोंडात घालते, त्या गजावर. जुन्या कारागिरांना या संयुगांचे रसायनशास्त्र अवगत नव्हते, तरी हरताळ विषारी आहे हे आयुर्वेदाला ठाऊक होते. शुद्धी केल्यावाचून ते औषधात वापरत नसत. लाखेने येथे काही अंशी आधार दिला. रंगाची पूड राळेत कोंडलेली असल्याने ती हाताला लागत नसे, पाण्याने सुटत नसे. परंतु टवका उडाला की आतले बाहेर येई. म्हणून उडालेला टवका लगेच दुरुस्त करणे, ही केवळ सौंदर्याची बाब नव्हती.

१६/
हा प्रश्न एकट्या कोकणाचा नव्हता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मुलांना शिशाची विषबाधा होत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. पण विष येते कुठून, हे उमगत नव्हते. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने त्याचा माग घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंत काढला. उन्हाने रंगाची पूड होई, ती मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. घर सुंदर दिसावे म्हणून लावलेला रंगच मुलांना आजारी पाडत होता. तरीही शिशाचे रंग जगभर आणखी कित्येक दशके विकले गेले.

१७/
भारतात विसाव्या शतकात डब्यातील तयार तैलरंग खेड्यापाड्यांत पोहोचले. लाख घोटण्यापेक्षा ते लावणे सोपे, वाळणे जलद, आणि छटा हव्या तितक्या. पाळण्यांवर लाखेऐवजी ऑइलपेंट चढू लागला. तो उडाला की वरून दुसरा हात. असे थरावर थर. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेला पाळणा माळ्यावरून उतरवताना ही तारीख स्मरणात ठेवणे इष्ट ठरते. असा जुना रंग कोरडा खरवडू नये, कारण धोका त्या धुळीतच असतो.

१८/
तोपर्यंत मूळ कलेचाच आधार सुटत चालला होता. छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडल्या. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले; दरबाराचा आश्रय संपला. रुग्णालयांत बाळंतपणे होऊ लागली, घरे लहान झाली, स्लॅबच्या छताला तुळई राहिली नाही. लोखंडी नळ्यांचे पाळणे, प्लास्टिकची खेळणी स्वस्तात मिळू लागली. लाखेचा पाळणा ही हौसेची वस्तू झाली. विजेची मोटर आली, तिने कातणाऱ्याचे श्रम वाचवले; पण दोरी ओढायला समोर बसणाऱ्या मुलाची गरजही संपवली.

१९/
या बदलावर नुसती हळहळ व्यक्त करणे न्याय्य होणार नाही. दोरी ओढणारा नातू शाळेत गेला, ही चांगलीच गोष्ट घडली, आणि ती बहुधा आजोबांच्याच इच्छेने घडली. दिवसभर घोटूनही पोट भरत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? ज्याच्यावर माया आहे, त्याला आपला तोट्यातला धंदा द्यावासा कुणाला वाटेल? म्हणून अनेक घरांत एक विलक्षण वाटणी झाली. आजोबांनी घडवलेली वस्तू नातवाला मिळाली. ती घडवण्याची विद्या मात्र आजोबांबरोबरच संपली.

२०/
सावंतवाडीत ही विद्या संपण्याच्या अगदी काठावर आली होती. गंजिफा करणारे जुने हात जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळी श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून हे काम स्वतः शिकून घेतले. शिकवणारा कारागीर आणि शिकणारे राजा-राणी, असा हा प्रसंग. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू झाली. जेथे पूर्वी दरबार भरे, तेथे कुंचले, रंगांच्या वाट्या आणि अर्धवट रंगवलेले पत्ते मांडले गेले. गंजिफांबरोबर तेथे रंगीत पाट, पेट्या, खुर्च्या, मेजे यांचेही काम होऊ लागले.

२१/
या पुनरुज्जीवनाचे खरे महत्त्व राजाश्रयात शोधणे अपुरे ठरते. महत्त्व आहे ते शिकण्याच्या वाटेत झालेल्या बदलाचे. तोवर ही विद्या जन्माने मिळे: चिताऱ्याच्या घरी जन्मलेला चितारी. कार्यशाळेत स्थानिक तरुण-तरुणी येऊन बसू लागले, मग ते कोणत्याही घरातले असोत. आजोबांकडून नातवाकडे जाणारी साखळी तुटली होती. तिच्या जागी गुरूकडून इच्छुकाकडे जाणारी साखळी जोडली गेली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. काम सुरू राहिले. पुढे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

२२/
सत्त्वशीलादेवी माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील. याच बडोदे संस्थानात ओरसंग नदीकाठी संखेडा नावाचे गाव होते, आणि तेही लाखेच्या रंगीत लाकूडसामानाचेच. तेथील खरादी-सुतार घराणी सागाचे लाकूड कातून पाळणे, झोपाळे, खुर्च्या करतात. त्यांचे वैशिष्ट्य सोनेरी नक्षीत आहे, आणि त्या नक्षीत सोने मुळीच नसते. कथिलाची बारीक पूड डिंकासारख्या चिकट द्रवात कालवून खारीच्या केसांच्या कुंचल्याने नक्षी काढतात, अकीकाने घोटतात आणि वरून लाखेचा हात देतात. पिवळसर लाखेतून पाहिलेले रुपेरी कथिल सोन्यासारखे भासते.

२३/
संखेड्याची वाट सावंतवाडीपेक्षा वेगळी झाली. तेथे कारागिरांनी बाजार सोडला नाही. घोडियू म्हणजे पाळणा, लग्नातील खुर्च्या, हिंदोळे या वस्तूंना गुजराती कुटुंबांत मागणी टिकून राहिली. परदेशी गेलेल्या कुटुंबांनीही ती नेली. म्हणजे तेथे घरगुती विधीने कलेला तारले. पाळणा हवा, झोपाळा हवा, आणि तो संखेड्याचाच हवा, असे म्हणणारे आजी-आजोबा जोवर आहेत, तोवर चाक फिरत राहते. एका ठिकाणी शिक्षणाने, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाइकाने कला टिकवली. दोन्ही ठिकाणी नुसत्या कौतुकाने ती टिकली नाही.

२४/
कायद्यानेही अलीकडे या वस्तूंची वेगळी दखल घेतली. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अनिवार्य झाले. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. छोट्या कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च पेलणारा नव्हता, म्हणून ही सूट योग्यच. पण तिचा अर्थ असाही होतो की तपासणीची जबाबदारी पुन्हा कारागिराच्या आणि घेणाऱ्याच्या विवेकावर आली. लाखेत कोणता रंग मळला आहे, हे विचारणे हा गिऱ्हाइकाचा अविश्वास नव्हे. तो या परंपरेचाच भाग मानला पाहिजे.

२५/
या वस्तू जपण्याची गोष्ट पुण्याच्या एका संग्रहालयावाचून पूर्ण होत नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे, खेळणी अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून आयुष्यभर जमवल्या. विद्वानांचे लक्ष शिलालेखांकडे आणि नाण्यांकडे असताना ते स्वयंपाकघरातील व माजघरातील वस्तू शोधत होते. त्यांचा राजा हा मुलगा लहानपणीच वारला. संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले: राजा दिनकर केळकर संग्रहालय. सामान्य घरांतील कितीतरी अनामिक कारागिरांचे काम आज पाहता येते ते एका बापाच्या या स्मरणामुळे.

२६/
संग्रहालयातील वस्तू सुरक्षित असते, पण तिला पुन्हा कुणी वापरत नाही. माळ्यावरच्या पाळण्याचे तसे नाही. तो खाली उतरतो तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती त्याच्या सांध्यांवरून हात फिरवते, साखळ्या ओढून पाहते, हलणारा गज बोटाने दाखवते. आणि मग प्रश्न येतो: हा गज बसवून, त्यावर पुन्हा लाख चढवून देणारे कोण आहे? ज्या गावात या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादे नाव सांगता येते, तेथे ती परंपरा अजून चालू आहे. जेथे नाव सांगता येत नाही, तेथे पाळणा उरला तरी तो केवळ जुने लाकूड आहे.

२७/
म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष वस्तूंपेक्षा हातांविषयी आहे. आजोबांनी नातवासाठी केलेला पाळणा तीन पिढ्या टिकला, कारण तो दुरुस्त होण्याजोगा होता. आणि तो दुरुस्त होण्याजोगा होता, कारण दुरुस्त करणारा शेजारच्या आळीत होता. लिन्स्खोटेनने गोव्यात पाहिलेली कृती आज कुणालाही शिकता येते. तिला आता जातीची अट नाही, दरबाराचीही नाही. सावंतवाडीला किंवा संखेड्याला जाणाऱ्या तरुण वाचकाने एखादी वस्तू जरूर विकत घ्यावी. त्याबरोबर ती घडवणाऱ्याचे नाव विचारून वस्तूच्या तळाशी लिहून ठेवावे. पुढे केव्हातरी कुणाच्या नातवंडाला ते वाचता येईल.

(धागा समाप्त)